‘मृताशी नाते’ या रकान्यात काय लिहायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समलिंगी विवाहाबद्दल आपल्या अंकात गेले काही दिवस वाचकांची पत्रे येत आहेत. त्यातल्या एका पत्रात म्हटले आहे की, दोघांनी एकत्र राहायला आता कुणाची आडकाठी नाही, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ गेले, मग लग्नाचाच आग्रह कशाला? बँकेत नॉमिनी लावता येतो, मृत्युपत्र करता येते, आणखी काय हवे? पत्र सभ्य भाषेत आहे, प्रश्नही मनापासून विचारलेला आहे, म्हणून त्याचे उत्तर द्यावेसे वाटले. मी ३४ वर्षे बँकेत नोकरी केली. शेवटची नऊ वर्षे मृत खातेदारांच्या दाव्यांचे टेबल माझ्याकडे होते. नॉमिनी म्हणजे कोण, हे मी रोज चार माणसांना समजावून सांगत असे. त्या खुर्चीवर बसून मी जे पाहिले, तेच लिहिते. बँकेचे आणि गावाचे नाव देत नाही, कारण दिले तर एक बाई ओळखू येतील, आणि त्यांना न विचारता तेवढा अधिकार मला नाही.

२०१४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. साठीच्या आसपासच्या एक बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. ओली छत्री कुठे ठेवावी हे न कळून त्यांनी ती मांडीवरच धरली होती. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी मृत्यूचा दाखला, एक पासबुक आणि लॉकरची किल्ली काढली. खाते आणि लॉकर दोन्ही गेलेल्या बाईंच्या एकटीच्या नावावर. मी दाव्याचा अर्ज पुढे केला. त्या अर्जात एक रकाना असतो : ‘मृताशी नाते’. बाईंनी नाव लिहिले, पत्ता लिहिला. पत्ता पासबुकावर होता तोच. मग पेन त्या रकान्यापाशी थांबले. मागे रांग होती, म्हणून मी म्हटले, “काय नाते ते लिहा, पत्नी, मुलगी, बहीण, जे असेल ते.” त्यांनी ‘मैत्रीण’ असे लिहिले.

“अहो, नात्यातले कुणी नाही का?” मी विचारले.

“मीच आहे,” त्या म्हणाल्या. “सव्वीस वर्षं एकत्र होतो आम्ही.”

मला कळले नाही असे मी म्हणणार नाही. कळले. पण त्याआधी काहीच महिने, ११ डिसेंबर २०१३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल फिरवून समलिंगी संबंध पुन्हा गुन्ह्याच्या कक्षेत नेले होते. त्या बाईंनी भर काउंटरवर, सरकारी शिक्के उमटत असताना, आणखी काय सांगायचे होते? आणि मी तरी काय विचारायचे होते?

खात्याला नॉमिनी होता : गेलेल्या बाईंचा धाकटा भाऊ. नॉमिनीची नोंद १९८६ ची, म्हणजे या दोघी भेटण्याच्याही आधीची. ती बदलायची राहून गेली होती. अशी राहून जाणारी माणसे मी शेकड्यांनी पाहिली आहेत, त्यात नवरा-बायकोही असतात, फक्त त्यांचे त्यामुळे सहसा बिघडत नाही. लॉकरला नॉमिनीच नव्हता. मी बाईंना सांगितले की किल्ली तुमच्याकडे असली तरी लॉकर तुम्हाला उघडता येणार नाही, वारसांना यावे लागेल. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. दोऱ्यात ओवलेली होती. पैशाबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. एवढेच म्हणाल्या, “आत लाल डबीत चार पाटल्या आहेत. दोन तिच्या. दोन माझ्या आईच्या, त्या जरा पातळ आहेत, आतून झिजलेल्या. माझा वेगळा लॉकर नव्हता म्हणून तिच्याकडे ठेवल्या होत्या.”

पुढे कागदपत्रे पूर्ण झाल्यावर भाऊ आले, बरोबर दोन मुलगे. अशा वेळी दोन त्रयस्थ साक्षीदारांसमोर लॉकर उघडतात, आतल्या प्रत्येक वस्तूची यादी करतात आणि सगळ्यांच्या सह्या घेतात. त्या बाईही आल्या होत्या. स्ट्राँगरूमच्या बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. आत मी यादी लिहीत होते. डबी उघडली. चार पाटल्या होत्या. दोन जाड होत्या. दोन पातळ होत्या, आणि त्या आतल्या बाजूने इतक्या गुळगुळीत झाल्या होत्या की नक्षी बोटालाही लागत नव्हती. बँक सोन्याची पारख करत नाही, त्यामुळे यादीत ‘सोन्याच्या’ असे लिहायचे नसते. मी लिहिले : ‘पिवळ्या धातूच्या पाटल्या, नग ४.’

भावाला मी बाजूला घेऊन सांगितले की यातल्या दोन बाहेर बसलेल्या बाईंच्या आईच्या आहेत. ते वाईट माणूस नव्हते. बहिणीच्या जाण्याने खचलेले दिसत होते. त्यांनी शांतपणे विचारले, “मॅडम, तसा काही पुरावा आहे का?” माझ्याकडे नव्हता. त्यांनी चारही पाटल्या घेतल्या, यादीवर सही केली आणि बाहेर पडताना त्या बाईंना ‘नंतर बोलू’ म्हणाले. नंतर काय झाले ते मला माहीत नाही.

यात बँकेची चूक नाही, भावाने कायदा मोडला नाही, मीही नियमाप्रमाणेच वागले. सगळे नियमाप्रमाणे झाले, आणि सव्वीस वर्षे एकत्र काढलेल्या माणसाला बाहेर बाकावर बसावे लागले. ज्या गोष्टीत कुणाचीच चूक नसताना अन्याय होतो, तिथे कायद्यातच काही कमी आहे असे समजावे, एवढे मी त्या टेबलावर शिकले.

कमी काय आहे ते सांगते. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६, याप्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या स्त्रीच्या मालमत्तेवर पहिला हक्क मुलांचा आणि नवऱ्याचा. ते नसतील तर नवऱ्याचे वारस, मग आई-वडील, मग वडिलांचे वारस. भाऊ येतो तो असा शेवटून. त्या बाईंच्या जागी नवरा असता, लग्नाला सहाच महिने झालेले असते, तरी भावाचा वारसा उभाच राहिला नसता. खात्याच्या नॉमिनीत भावाचे नाव असते तरी चालले असते, कारण नॉमिनीला पैसे ताब्यात मिळतात, मालकी वारसांची असते. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत हे १९८४ मध्ये सांगितले, बँक ठेवींच्या बाबतीत २०१० मध्ये, आणि शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितले. मी स्वतः एका दाव्यात पाहिले आहे : बायकोला टाकून पंधरा वर्षे दुसरीकडे राहिलेला नवरा, तिच्या आजारपणात एकदाही न फिरकलेला, लग्नाचा दाखला घेऊन आला. घटस्फोट झालेला नव्हता. मुले नव्हती. रक्कम त्याला मिळाली. बाईची शुश्रूषा करणारी तिची बहीण बघत राहिली. कायद्याला ‘नवरा’ हा शब्द पुरला.

म्हणून ‘नॉमिनी लावा की’ हा सल्ला ऐकला की मला राहवत नाही. नॉमिनी हा मालक नसतो, विश्वस्त असतो. बँकेच्या ठेवीला जोडीदाराचे नाव लावले, तरी मृत्यूनंतर पुतण्याने वारस म्हणून दावा केला तर ती रक्कम परत द्यावी लागू शकते. विम्यात तर फरक कायद्यानेच लिहून ठेवला आहे : २०१५ च्या दुरुस्तीपासून आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर रक्कम त्यांच्या मालकीची होते. इतर कुणी नॉमिनी असेल तर त्याला तो लाभ नाही. समलिंगी जोडीदार या ‘इतर कुणी’मध्ये येतो. ग्रॅच्युइटीचे आणखी कठीण. आम्ही ज्या १९७२ च्या कायद्याने काम केले, त्यात कर्मचाऱ्याला कायद्याच्या व्याख्येतले कुटुंब असेल, अगदी त्याच्यावर अवलंबून असलेली आई एवढेच कुटुंब असेल, तर कुटुंबाबाहेरच्या माणसाचे नॉमिनेशन शून्य ठरते. म्हणजे माणसाने जिवंतपणी स्वतःच्या हाताने, शुद्धीवर असताना लिहिलेले नावही चालत नाही.

मृत्युपत्र अवश्य करावे. मी सगळ्यांना सांगते, दोन साक्षीदार घ्या, शक्य तर नोंदवा. पण मृत्युपत्राला आव्हान देता येते, आणि आव्हान देणारे बहुधा तेच असतात ज्यांना हे नाते जिवंतपणीही मान्य नव्हते. शिवाय कुटुंब निवृत्तिवेतन मृत्युपत्राने देता येत नाही, ते कायद्याने ठरलेल्या कुटुंबालाच मिळते. नवऱ्याने बायकोला कितीही रक्कम भेट दिली तरी त्या भेटीवर तिला कर नाही. ‘नातेवाईक’ नसलेल्यांकडून वर्षात ५० हजार रुपयांवर रक्कम आली तर ती उत्पन्नात धरली जाते. दत्तक घ्यायचे तर एकट्याने, दोघांनी मिळून नाही. मूल दोघांच्या हातात वाढेल, पण कागदावर पालक एकच, आणि तो गेला तर दुसऱ्याचे त्या मुलाशी काय नाते, हा तोच रकाना पुन्हा.

हे सगळे मी कागदावरून सांगते आहे, पण ते मला खरे कळले माझ्यावर वेळ आली तेव्हा. माझे पती सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. तीन वर्षांपूर्वी ते गेले. शेवटच्या आजारात रात्री दीड वाजता शस्त्रक्रियेच्या संमतीवर मी सही केली. ‘आपण कोण?’ असे विचारले, मी ‘मिसेस’ म्हटले, संपले. कुणी दाखला मागितला नाही. आमच्या लग्नाची नोंदणी तर आम्ही लग्नानंतर बावीस वर्षांनी, मुलीकडे परदेशी जायचे ठरले तेव्हा केली होती. तोवर आम्ही नवरा-बायको आहोत हे सगळ्यांनी नुसत्या आमच्या शब्दावर मानले. ते गेल्यानंतर निवृत्तिवेतनाच्या अर्जात मी ‘मृताशी नाते : पत्नी’ असे लिहिले. माझे डोळे भरून आले होते, अक्षर वाकडे आले, पण पेन थांबले नाही. पाचव्या आठवड्यात कुटुंब निवृत्तिवेतन जमा झाले. त्या दिवशी मला ती ओली छत्री आठवली. मी आयुष्यभर जे मिळवले असे समजत होते, त्यातले कितीतरी मला त्या एका शब्दाने आयते मिळाले होते.

हा शब्द देणे न देणे सरकारच्या हातात आहे, म्हणून मी याला नागरी हक्क म्हणते. यात कुठल्या धर्माने काय मानावे याचा प्रश्न नाही. विशेष विवाह कायदा, १९५४, यात होम नाही, सप्तपदी नाही, निकाह नाही. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार आणि विवाह अधिकाऱ्यासमोर सही. समलिंगी विवाहाला मान्यता मागत सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या याचिकाकर्त्यांनी याच कायद्याचा दरवाजा मागितला होता. कुणा पुरोहितावर सक्ती करा असे त्यांचे म्हणणे नव्हते. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी ‘सुप्रियो’ खटल्याच्या निकालात पाचही न्यायमूर्तींनी विवाहाचा हक्क मूलभूत नाही असे म्हटले. निदान जोडीदारी म्हणून कायदेशीर मान्यता द्यावी, यावर तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल एका बाजूला, न्या. भट, न्या. कोहली आणि न्या. नरसिंह दुसऱ्या बाजूला, असे तीन विरुद्ध दोन झाले. फेरविचार याचिकाही ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळल्या गेल्या. निकाल मला पटला नाही, पण तो आहे. एक मात्र लक्षात घ्यावे : न्यायालयाने अशी लग्ने होऊ नयेत असे म्हटलेले नाही. हे काम संसदेचे आहे असे म्हटले आहे. म्हणजे चेंडू आपण निवडून दिलेल्या माणसांकडे आहे, आणि पर्यायाने आपल्याकडे.

सरकारने त्याच खटल्यात ही ‘शहरी अभिजनां’ची मागणी असल्याचे लिहून दिले होते. मला त्या शब्दांनी फार वाईट वाटले. माझ्यासमोर बसलेल्या बाई निवृत्त प्राथमिक शिक्षिका होत्या. पासबुकातली शिल्लक ऐंशी हजारांच्या आत होती. उलट ज्यांच्याकडे पैसा आहे ते वकील लावून मृत्युपत्र, ट्रस्ट, बक्षीसपत्र असे मार्ग काढतात. कायद्याच्या एका शब्दाची सर्वांत जास्त गरज असते ती वकील परवडत नाही त्याला.

सरकारने काहीच केले नाही असेही मी म्हणणार नाही. कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली एप्रिल २०२४ मध्ये समिती नेमली गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केले की अशा जोडप्यांना संयुक्त खाते उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी लावायला कोणतीही बंदी नाही. रेशन कार्डावर एकाच कुटुंबात धरावे, जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा जोडीदाराला अंत्यसंस्कारासाठी पार्थिव मिळावे, अशा सूचना राज्यांना गेल्या. या सूचना मोलाच्या आहेत. पण शेवटची सूचना पुन्हा वाचा : ‘नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा’. नातेवाईक आले की जोडीदार पुन्हा बाहेरच्या बाकावर. आणि सूचना म्हणजे कायदा नव्हे. समोरचा अधिकारी ती मानेल की नाही हे त्या दिवशी त्या टेबलावर कोण बसले आहे यावर ठरते. मी त्या टेबलावर बसलेली आहे, म्हणून सांगते.

‘समाज अजून तयार नाही’ असे आपल्या दुसऱ्या एका वाचकाने लिहिले आहे. विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला. त्यानंतर ३७ वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी लग्न केले, तेव्हाही मुरूडच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. समाज ३७ वर्षांनंतरही तयार नव्हता. पण बहिष्कार टाकणाऱ्यांना एक गोष्ट करता आली नाही : ही कर्व्यांची बायकोच नव्हे, हिची मुले वारस नव्हेत, असे म्हणायची सोय कायद्याने त्यांना ठेवली नव्हती. कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहाला कायद्याने मान्यता दिली, तीही सगळी गावे आनंदाने तयार झाल्यावर नाही. तमिळनाडूत पुरोहिताशिवाय झालेली हजारो स्वाभिमान-लग्ने न्यायालयात टिकत नव्हती. १९६७ मध्ये अण्णादुराईंच्या सरकारने कायदा दुरुस्त केला आणि आधी झालेली लग्नेसुद्धा वैध ठरली. हे शेवटचे उदाहरण मला फार जवळचे वाटते, कारण त्यात म्हाताऱ्या झालेल्या जोडप्यांनाही मागे वळून न्याय मिळाला.

नेदरलँड्समध्ये २००१ पासून, दक्षिण आफ्रिकेत २००६ पासून, तैवानमध्ये २०१९ पासून आणि थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून ही लग्ने कायद्याने होत आहेत. शेजारच्या नेपाळमध्ये २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पहिली नोंद झाली. अमेरिकेतला २०१५ चा निकाल ज्या जिम ओबर्गफेल यांच्या नावाने ओळखला जातो, त्यांची मूळ मागणी काय होती ठाऊक आहे? आपल्या जोडीदाराच्या मृत्यूच्या दाखल्यावर हयात पती म्हणून आपले नाव असावे. एका रकान्याची मागणी. ते वाचले तेव्हा मी कितीतरी वेळ कागद हातात धरून बसले होते.

आपल्याकडेही मद्रास उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये, घरच्यांनी कोंडून ठेवलेल्या एका तरुणीला तिच्या जोडीदारीणीबरोबर जाऊ देताना, कुटुंब केवळ लग्नानेच बनते असे नाही, असे म्हटले. मोठ्या मनाचे वाक्य आहे. पण उद्या त्या दोघींपैकी एक आजारी पडली, गेली, तर या वाक्याची प्रत घेऊन दुसरीने कुठल्या काउंटरवर जायचे?

माझे मागणे दोन जणांकडे आहे. आपल्या खासदारांनी विशेष विवाह कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणावे, आणि त्याबरोबर वारसा, ग्रॅच्युइटी, निवृत्तिवेतन, दत्तक यांतली ‘पती’, ‘पत्नी’, ‘कुटुंब’ या शब्दांची व्याख्याही दुरुस्त करावी, नाहीतर दाखला मिळेल आणि टेबलावर काम होणार नाही. ज्या दोघींनी किंवा दोघांनी आधीच आयुष्य एकत्र काढले आहे, त्यांच्यासाठी मागील तारखेपासून मान्यतेची तरतूद असावी.

दुसरे मागणे बँकेतल्या माझ्या सहकाऱ्यांकडे. अर्थ मंत्रालयाचे २८ ऑगस्ट २०२४ चे पत्र काढून वाचा. कुणी संयुक्त खाते उघडायला आले तर ‘कुणीही एक किंवा हयात’ ही अट लावून घ्या असे स्वतःहून सुचवा. लॉकर दोघांच्या नावावर करायला सांगा. आतल्या वस्तू कुणाच्या, याची दोघांच्या सहीची यादी त्यांनी घरी करून ठेवावी, हेही सांगा. मी त्या बाईंना हे २०१४ च्या आधी कधीतरी सांगू शकले असते. दर वर्षी लॉकरचे भाडे भरायला दोघी बरोबरच यायच्या.

आपली,
एक निवृत्त बँक अधिकारी
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)